ट्रेमधला शिळा पाव

आयर्लंडमध्ये कॉर्कला मास्टर्स करताना मी एका आयरिश आजींच्या घरी खोली घेऊन राहायचे. आजोबा पुढच्या खोलीत, हॉस्पिटलने दिलेल्या पलंगावर. खाणं जवळपास बंद झालेलं, चमचा नेला की तोंड फिरवायचे. आजी मात्र रोज म्हणायच्या, ख्रिसमसला स्टफिंग केलं की खातील, लग्नापासून एकदाही नको म्हणाले नाहीत. स्टफिंग म्हणजे पावाचा चुरा, भरपूर बटर, कांदा, थाइमची पानं. टर्कीबरोबर ते हवंच. पण त्याचा पाव आधी वाळवतात, हे मला माहीतच नव्हतं यार!

ख्रिसमसला सकाळी आजी चर्चला गेल्या, मी आजोबांपाशी थांबले. त्यांना झोप लागली, म्हणून म्हटलं, चला, आजींसाठी काहीतरी करू. ओट्यावर ट्रेमध्ये पावाचे कडक झालेले तुकडे. शिळा पाव फुकट जातोय! आमच्याकडे असल्या पावाचं एकच होतं, कुस्करा. मोहरी, हळद, मिरची, कांदा, दाणे, वरून लिंबू. दहा मिनिटांत तयार आणि मी जाम खूश.

आजी आल्या. कढईत बघितलं, मग रिकामा ट्रे बघितला.

“तीन दिवस वाळवत होते तो,” म्हणाल्या.

मी जॅकेट घालून नवा पाव आणायला पळाले. पेट्रोल पंपावरचं दुकानसुद्धा बंद, बसही नाही, रस्त्यावर माणूस नाही. परत आले तर आजी फ्रीझरमधला अर्धा ब्रेड ओव्हनमध्ये भाजत होत्या. मी दहादा सॉरी म्हटलं, त्या दहादा ग्रँड म्हणाल्या, म्हणजे तिकडचं ‘काही हरकत नाही’. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. स्टफिंगचा ओला गोळा झाला.

दुपारी त्यांनी चमचा पुढे केला आणि आजोबांनी चक्क तोंड उघडलं. घास जरा वेळ तोंडात राहिला, मग हळूहळू हनुवटीवर आला. आजींनी पुसला.

“चव नेहमीसारखी नाही ना रे?” त्यांनी विचारलं. ते खिडकीकडे बघत होते.

जानेवारीत ते गेले. नर्सने आम्हा दोघींना बसवून समजावलं, त्यांचं गिळणंच गेलं होतं, कुठल्याही पावाने काही झालं नसतं. आजींनी मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही. मलाही ते अजून पटत नाही.