साजाच्या झाडातला खिळा

आज जे लिहितो आहे ते मी बायकोला सांगितलेलं नाही, आणि ज्या मित्रासोबत त्या जंगलात गेलो होतो त्यालाही नाही. डिंडोरीकडच्या डोंगरातल्या एका बैगा आदिवासींच्या गावाच्या शिवेवर, साजाच्या झाडात ठोकलेला लोखंडी खिळा मी उपटून घरी आणला. तो कशासाठी ठोकलेला आहे हे मला ठाऊक होतं. नकळत झालं, असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही.

तेव्हा मी जबलपूरजवळच्या रिछाईतल्या एका लहान कारखान्यात लेथवर काम करायचो. राज्यांची फेररचना होऊन नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं तेव्हा वडील इथल्या फॅक्टरीत लागलेले होते, त्यामुळे आम्ही जबलपूरचेच होऊन गेलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. मित्र महाराजपूरचा, रेल्वेत नोकरीला. होळीला जोडून रजा टाकायची, पाठीवर पिशव्या बांधायच्या आणि बस जिथं संपते तिथून पायी निघायचं, हा नाद त्यानंच मला लावला. आई म्हणायची, "धडधाकट बस मिळून राहिली, अन् तुम्ही उतरून चालता काहून?" आम्ही हसून पिशव्या उचलायचो.

साल वृक्षांचं जंगल मी तोवर बसच्या खिडकीतूनच पाहिलं होतं. आत शिरलो आणि बोलणं आपोआप कमी झालं. मी दिवसभर लोखंड सुतात आणणारा माणूस, पण इतकं सरळ उभं असलेलं काही मी कधी पाहिलं नव्हतं. खोडामागे खोड, खोडामागे खोड, आणि वर कुठंतरी नवी, तांबूस पालवी. सालाला मोहोर आला होता. वारा सुटला की त्याचा फिकट भुगा उन्हातून गळत खाली यायचा आणि आमच्या खांद्यांवर बसायचा.

"अबे, इतक्या हळू काहून बोलून राहिला?" मित्रानं विचारलं. "इथं कोण ऐकते?"

"माहीत नाही."

"मग मोठ्यानं बोल ना."

पण थोड्या वेळानं त्याचाही आवाज उतरला.

डोंगराच्या कुशीतलं ते गाव आधी वासानं कळलं. मोह फुलला होता. मातीच्या भिंती, सारवलेली अंगणं, मधल्या मोकळ्या जागेत काडीकचरा नाही. गावच्या गुनियानं, म्हणजे देवाचं, औषधाचं आणि शिवेचं बघणाऱ्या म्हाताऱ्यानं, आम्हाला आपल्या ओसरीवर जागा दिली. त्याच्या सुनेनं पाणी आणलं. तिच्या कपाळावर आणि दंडांवर गोंदण होतं. आमच्या पिशव्यांकडे तिनं नीट पाहून घेतलं.

"भैया, पैदल काहे घूमते हो? घर में झगड़ा हुआ क्या?"

"नहीं दीदी, ऐसे ही. जंगल देखने."

"जंगल देखने," ती सासऱ्याकडे वळून म्हणाली. "जबलपुर में इनको कोई काम नहीं देता."

म्हातारा हसला. त्याला दात फारसे नव्हते, त्यामुळे हसू सगळ्या चेहऱ्यावर पसरायचं.

गाव मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. वाघानं शिवेजवळ एक बैल मारला होता. मोहाची फुलं पहाटे गळतात, उजाडायच्या आत वेचली नाहीत तर हरणं आणि गुरं खाऊन जातात. बाया घराबाहेर पडायला तयार नव्हत्या. वर्षभराचं पोट त्या फुलांवर, आणि फुलं झाडांखाली पडून वाया जात होती. म्हणून दुसऱ्या दिवशी गुनिया शीव बांधणार होता. आम्ही विचारलं, येऊ का? तो म्हणाला, चला, पण मागे राहा आणि मधे बोलू नका.

ते मी अजून विसरलेलो नाही. अख्खं गाव एका रांगेत, पुढे तो वाकलेला म्हातारा. शिवेवरच्या ठरलेल्या झाडांपाशी तो थांबायचा. मोहाच्या दारूचे थेंब बुंध्याशी सोडायचा, ओठांतल्या ओठांत काही म्हणायचा आणि दगडानं खिळा ठोकायचा. असा खिळा ठोकला की वाघाचं तोंड बंद होतं, तो शीव ओलांडत नाही, अशी त्यांची समजूत. समजूत म्हणताना आज मला संकोच वाटतो. प्रत्येक ठोक्याला मागच्या रांगेतल्या माणसांचे खांदे खाली येताना मी पाहिले आहेत. शेवटचा खिळा साजात बसला. आपण त्या झाडाला ऐन म्हणतो. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, आणि त्यात त्यांचा मोठा देव राहतो. तो ठोकून झाल्यावर म्हातारा बुंध्याला टेकून बसला, आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

खिळा बाजारातला नव्हता. त्यांच्या शेजारच्या पाड्यावरच्या अगरियांनी, दगडातून लोखंड काढणाऱ्या लोकांनी, हातानं घडवला होता. म्हाताऱ्यानं एक माझ्या तळहातावर ठेवला होता. चौकोनी, काळा, वर निळसर झाक. आयुष्यभर लोखंड हाताळूनही असं लोखंड मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या पहाटे कुजबुजीनं जाग आली. बाया टोपल्या घेऊन निघाल्या होत्या. मित्राला उठवलं आणि लांबून त्यांच्या मागे गेलो. धुक्यात मोहाची झाडं उभी होती आणि फुलं गळत होती. टप, टप, इतका बारीक आवाज की श्वास रोखावा लागे. जमीन फिकट पिवळी झाली होती. बाया वाकून वेचत होत्या, एका झाडाखालची दुसऱ्या झाडाखालच्या बाईला काही म्हणे आणि दोघी हसत. कालपर्यंत याच बाया दाराला कडी लावून बसल्या होत्या. मित्र माझ्या कानाशी म्हणाला, "चार खिळ्यांवर हे सगळं चालून राहिलं, यार." मी बौद्ध घरातला, देवाधर्माचं काही न मानणारा. तिथं उभा राहून माझे डोळे भरून आले, हेही कुणाला सांगितलेलं नाही.

त्याच सकाळी आम्ही निघालो. मित्र पुढे होता. साजापाशी मी बुटाची नाडी बांधायला थांबलो. खिळ्याचं डोकं सालीबाहेर राहिलं होतं. मला त्यातलं काहीतरी हवं होतं, एवढंच खरं. त्या पहाटेतलं काहीतरी माझ्या घरात असावं. बाकीचे खिळे आहेतच, एकानं काय होतंय, असंही मनात आलं. हात लोखंडाला सरावलेला. दोनदा हलवला आणि तो सुटला. मी तो रुमालात गुंडाळला आणि चालायला लागलो.

"झाली का नाडी?" मित्रानं ओरडून विचारलं.

"झाली."

पुढच्या होळीला मित्राला रजा मिळाली नाही. मी एकटाच गेलो. खिळा पिशवीत होता. गुपचूप परत ठोकून यावा, असा माझा बेत होता.

सुनेनं ओळखलं. "अच्छा, फिर झगड़ा हो गया घर में?" पण तिनं ते सवयीनं म्हटलं. म्हातारा अंगणात बसून दोरी वळत होता. मी शिवेचं विचारलं, तेव्हा तिनं सासऱ्याकडे पाहून आवाज खाली केला.

"अब ये नहीं बाँधते. पेड़ ने इनका कीला थूक दिया. उसके बाद बाघ गाँव में आया, बछड़ा ले गया. अब दूसरे गाँव का गुनिया आता है."

म्हाताऱ्यानं ऐकलं होतं. दोरीवरून नजर न उचलता तो म्हणाला, "बड़ा देव ने मना कर दिया. हमसे कुछ गलती हुई होगी. सोचते हैं, क्या गलती हुई, याद नहीं आती."

पिशवी माझ्या पायाशी होती. हात आत घातला असता तर रुमाल हाताला लागला असता. मी म्हणालो, "हो जाता है, बाबा." त्यानं मान हलवली. सुनेनं मला पेज दिली. मी ती प्यायलो आणि ऊन उतरायच्या आत निघालो. साजापाशी थांबलोसुद्धा नाही.

त्यानंतर मी त्या बाजूला गेलेलो नाही. दरवर्षी मार्चमध्ये रजेचं बोलणं निघतं आणि मी काहीतरी कारण देतो. म्हातारा आता नसणार. आपली चूक आठवत, ती न सापडताच गेला असणार. सून असेल, आता तिचेही केस पिकले असतील.

खिळा नेऊन ठेवल्यानं हे फिटणार नाही. त्या गावच्या मोकळ्या जागेत, तिच्यासमोर आणि सगळ्यांसमोर, एवढं सांगण्याचं देणं मी अजून लागतो: झाडानं खिळा टाकला नव्हता, तुमच्या सासऱ्याचं काही चुकलं नव्हतं, तो मी काढला होता.