अक्काचं मुसकं

अक्काचं अख्खं तोंड मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिच्या शेजारी बसून काम करायला लागून मला आठवडा होऊन गेला असेल. तोवर नुसते डोळेच ओळखीचे होते. नाकापासून हनुवटीखालपर्यंत जुन्या लुगड्याचं दुपदरी फडकं, मागे करकचून गाठ, आणि वर दोन डोळे, कायम कुणावर तरी वटारलेले. हुपरीत सगळे तिला मुसकीवाली अक्का म्हणायचे. मळणीला बैलाने धान खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला जाळी बांधतात, ते मुसकं. नाव चिडवायला पडलं होतं. अक्का मात्र त्या नावाला ठसक्यात ओ द्यायची.

माझं माहेर गगनबावड्याच्या पलीकडच्या वाडीतलं. आठवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि मी हुपरीला आले. नवरा भट्टीवर चांदी गाळायचा. मला पैंजण घासून चकाकवायच्या मोटरीवर बसवलं. कारखाना म्हणजे मालकाच्या घराची मागची खोली. पहिल्या दिवशी मी नुसती बसले न बसले, तोच मागून कुणीतरी माझ्या तोंडावर फडकं आवळलं. मी घाबरून ओरडलेच.

"वराडतीस कशाला? कुठली गं तू?"

"बावड्याकडची."

"मग पावसात डोस्क्यावर काय घेत हुतीस?"

"इरलं."

"कशाला?"

"भिजू नये म्हणून."

"मग ह्ये बी इरलंच हाय. बांधून ऱ्हा. हितला पाऊस वरनं येत न्हाई, समोरनं येतोय."

खरंच समोरून यायचा. मोटरीचं चाक फिरलं की पैंजणावरून करडी, बारीक धूळ उडायची आणि सरळ तोंडावर बसायची. खोलीला खिडकी होती, पण खिळे ठोकून बंद केलेली. पंखा होता, त्याचं बटण दाबायची कुणाची छाती नव्हती. वाऱ्याने चांदीचा कीस उडतो म्हणे. संध्याकाळी घरी निघताना हातपाय टबात धुवायचे, पदर कागदावर झटकायचा, केसही कागदावरच विंचरायचे. टबाचं गढूळ पाणी मालक तीर्थासारखं जपायचा. खाली गाळ बसला की त्यातून चांदी निघायची. झाडलोट त्याची, गाळ त्याचा, आमच्या वेणीतला कचराही त्याचा.

अक्काला हे रोज नव्याने खुपायचं. "चांदीला तिजोरी," ती म्हणायची, "तिजोरीला कुलूप, कुलपाला राखायला कुत्रं. आन् माणसाला?" मोटरी चालू राहायच्या.

चहाच्या वेळी फडक्याखालूनच घोट घेत ती बोलायला लागायची, आणि फिरून फिरून एकाच गोष्टीवर यायची. कधीतरी पोराला घेऊन ती पन्हाळ्याला गेली होती. ते तिच्या डोक्यातून जात नव्हतं. "काय तट बांधलाय, बया! बुरूज काय, आत पाणी काय, धान्याची कोठारं काय. शत्रू यायच्या आधीच सगळी तयारी. माणूस लई हुशार बघा. अंगाला चिलखत केलं, हाताला ढाल केली. घोड्याच्या पायाला नाल ठोकला, पिकात बुजगावणं उभं केलं, पोराच्या गालाला तीट लावली. सगळ्याला आडोसा केला की! आमच्या छातीलाच कसा सुचला न्हाई?"

"अक्का, मग चिलखत घाला की तुम्ही बी," भट्टीवरचा एकजण म्हणायचा.

"घालीन की. मालकाला सांग तुज्या, चांदीचं कर म्हणून."

सगळे हसायचे. मीही हसायचे. अक्का हसत नसे.

त्या फडक्यांवरून मालकाशी तिचं वाजलं, ते माझ्या डोळ्यांदेखत. तोवर तिच्या नादाने आम्ही चार-पाच बायका तोंड बांधायला लागलो होतो. फडकं धुवायला घरी न्यायचो. एक दिवस मालक दारात उभा राहिला.

"अक्का, ही मुसकी घरला न्यायची न्हाईत. त्यात माल जातोय."

"माल?"

"कीस बसतोय की फडक्यात. बैलाला मुसकं बांधत्यात ते धान खाऊ नये म्हणून. तुमी उलटं धान बांधून घरला न्हेताय."

अक्काने मोटर बंद केली. तिने मोटर बंद केली की आमच्याही बंद व्हायच्या. "बराबर हाय मालक," ती म्हणाली. "बैल खातोय म्हणून त्याला मुसकं. आमी बी खातोय की. तुमची चांदी रोज खातोय. तुमालाच परवडत न्हाई, म्हणून बांधतोय."

मालकाला हसावं की रागवावं कळेना. शेवटी त्याने पत्र्याचा एक डबा आणून ठेवला. संध्याकाळी फडकी डब्यात टाकायची, सकाळी तीच पुन्हा बांधायची. धुवायची नाहीत. किसाने फडकी जड झाली की ती जाळायची आणि राख गाळून चांदी काढायची.

पहिल्यांदा फडकी जाळली तो दिवस मी विसरू शकत नाही. माझ्या नवऱ्यानेच राख मुशीत घातली, मळ सुटावा म्हणून वर टाकणखार टाकला. सगळे भोवती जमलो होतो. मूस ओतली, आणि साच्यात चांदीचा एक गोळा उतरला. ज्वारीच्या दाण्याएवढा नाही, चांगला बोराएवढा. मालक हरखून गेला. त्याने लगेच पेढे आणवले. लोक खायला लागले. अक्काने पेढा हातातच धरला होता.

"एवढं फडक्यात घावलं," ती हळू म्हणाली. "फडकं बांधायच्या आदी हे कुठं जात हुतं?"

अक्का मालकाच्या वडलांच्या काळापासून त्या मोटरीवर होती. फडकं बांधायचं तिला सुचलं ते खूप उशिरा, शेजारच्या मोटरीवरची तिची मैत्रीण खोकून खोकून गेल्यावर. ती आमच्याकडे बघत नव्हती. स्वतःच्या छातीकडे बघत होती. तिने पेढा परत ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मालकाने हुकूम काढला, आजपासून सगळ्यांनी तोंड बांधायचं. गडीमाणसांनीसुद्धा. मला आजही हे आठवलं की अंगाची लाही होते. इतकी वर्षं आमच्या नाकातोंडात धूळ जात होती तेव्हा हा माणूस मुकाट होता. त्याला आमची दया आली नाही, त्याला त्या गोळ्याची दया आली. वर नवीन फडकी द्यायला त्याचा हात आखडायचा. जुनं फडकं जास्त कीस धरतं म्हणे. कडक झालेलं, कुबट वास मारणारं ते फडकं बांधलं की श्वास कोंडायचा. अक्का घरातली लुगडी फाडून आणायची आणि मालकाची पाठ वळली की आमची फडकी बदलायची. जुनी डब्यात टाकून म्हणायची, "घे बाबा, तुजं तुला. हिचा श्वास हिला."

त्याच सुमारास मला दिवस गेले. पोट दिसायला लागलं तरी मी जात होते. नवऱ्याच्या एकट्याच्या कमाईवर भागत नव्हतं, आणि घरी बसले तर जागा दुसरीला जाईल ही धास्ती. मी तशी भित्रीच. अक्का रोज म्हणायची, "बावड्याचे, आता बास. घरात बसून पैंजणाच्या कड्या जोड." मी रोज म्हणायचे, "एवढा महिना, अक्का."

एके दिवशी बाहेर पाऊस होता, म्हणून पैंजण उजळायच्या ॲसिडचं भांडं अंगणातून उचलून आमच्याच खोलीत आणून ठेवलं. खिडकी बंद. दारही पावसामुळे लोटलेलं. थोड्या वेळाने पिवळट वाफ वर चढायला लागली. घसा सोलून निघाल्यासारखा झाला, डोळ्यांपुढे अंधारी आली. मी मोटरीचा कठडा धरला, तेवढं आठवतं. मग काच फुटल्याचा आवाज आला.

अक्काने हातोडी घालून खिडकी फोडली होती. एक तावदान नाही, चौकटीसकट. ओला वारा भसकन आत घुसला. कागदावर साठवलेला कीस, टेबलावरची धूळ, सगळं खोलीभर उडालं. मालक धावत आला आणि दारातून ओरडला, "अक्का! कीस! कीस उडाला की सगळा!"

मी जमिनीवर होते. त्याच्या पायापाशी. तो माझ्यावरून कागदाकडे बघत होता.

"उडू दे!" अक्का त्याच्याहून मोठ्याने ओरडली. "त्याला काय पंख न्हाईत, हितंच कुठंतरी पडंल. ही पडलीया ती उठली न्हाई तर काय करतोस? हिला कशात गाळतोस?"

आयुष्यात पहिल्यांदा मी तिला मालकाला अरेतुरे करताना ऐकलं. दोघींनी मला उचलून ओसरीवर नेलं. अक्काने स्वतःचं ओलं फडकं माझ्या तोंडावर ठेवलं आणि पाठ चोळत बसली. दुसऱ्या दिवशी मालकाने खिडकीखालचा चिखलसुद्धा पाट्या भरून आत नेला, चांदी काढायला. त्याच दिवशी अक्काला सांगितलं, "आता तुमचा हात चालत न्हाई. इस्रांती घ्या."

दुसरीकडे कुणी तिला घेतलं नाही. खिडक्या फोडणारी बाई कोण घेणार? ती दारात बसून पैंजणाच्या कड्या जोडायला लागली. मला तिने परत त्या खोलीत जाऊ दिलं नाही. सकाळी माझ्या दारात कड्यांची पिशवी टाकायची आणि बजावायची, "ऊन हाय तिथं बस. वारं हाय तिथं बस." माझी मुलगी जन्मली तेव्हा पहिल्याच दमाला गल्ली दणाणेल अशी रडली. सगळ्या म्हणाल्या, "किती किरकिरी गं!" अक्का कान देऊन ऐकत होती. "रडू द्या," ती म्हणाली. "भाता चांगला हाय."

तिचा स्वतःचा भाता तेव्हाच फुटत आला होता. चार पावलं चालली की ती भिंतीला टेकायची. मी तिच्याबरोबर एसटीने कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात गेले. छातीचा फोटो काढला. तरुण डॉक्टर फोटो उजेडात धरून म्हणाले, "बिडी ओढता का, मावशी?"

"न्हाई."

"मिशेरी? चुलीचा धूर?"

"चांदी ओढते," अक्का म्हणाली.

डॉक्टर हसले. त्यांना गंमत वाटली. औषधं लिहून दिली आणि धुळीत जाऊ नका म्हणाले. आता सांगून काय उपयोग होता? परतीच्या एसटीत अक्का खिडकीशी बसली होती. वारा तोंडावर घेत म्हणाली, "माज्या पोराला सांगून ठिवलंय. मी गेल्यावर राख चाळून घे. मालकाचं काय आत ऱ्हायलं असंल तर परत कर. आपल्याला कुणाची चांदी नगो."

मी रडायला लागले, तर मलाच ओरडली. "रडतीस काय? हास की. चांगला इनोद केला मी."

पुढे नवऱ्याला तामिळनाडूत सेलमच्या चांदीच्या कारखान्यात काम मिळालं आणि आम्ही निघालो. अक्का स्टँडवर आली, थांबत थांबत. हातात कापडाचं गाठोडं होतं. बरोबरच्या बाईने विचारलं, "बाळुती व्हय?" अक्का म्हणाली, "न्हाई. ढाली हाईत." मऊ लुगड्यांची फडकी होती, दुपदरी शिवलेली, कडेला नाड्या लावलेली. काही मोठी होती, आणि एक अगदी लहान, माझ्या मुलीच्या तोंडाएवढं. मी तिच्या पाया पडले. ती म्हणाली, "तिकडं घर घेशील ते खिडकी बघून घे. बाकी काय बी बघू नगंस."

इथे सेलमला कुणी मराठी बोलत नाही. पण मोठ्या बाईला इथेही अक्काच म्हणतात. सुरुवातीला रस्त्यात कुणी "अक्का" म्हणून हाक मारली की मी दचकून मागे बघायचे. आता ती हाक मला मारतात. कारखान्यात नवी मुलगी आली की मी आधी तिचं तोंड बांधते. ती तिच्या भाषेत कुरकुरते, मी माझ्या भाषेत रागावते, आणि कळायचं ते दोघींना कळतं. घरात मुलगी खोकली की माझा हातचा घास हातात राहतो. ती धावत असताना मी तिचा दम ऐकते. बरा आहे. चांगला आहे. हे ज्या बाईमुळे, तिला मी दुसरं काही देऊ शकले नाही, म्हणून निदान एवढं लिहिते आहे.

अक्का गेली तेव्हा आमच्याकडे मोबाइल आला होता. तिच्या पोराचा फोन आला. मला जाता आलं नाही. मी रडून झाल्यावर विचारलं, "मालक आला होता का?"

"आलता की. सावडायलाच आला. पांढरी कापडं घालून. डोळं पुसत हुता. म्हणाला, 'लई इमानी बाई. आमच्या घरच्यासारखी.'"

"मग?"

"मग काय. आईनं सांगितलं हुतं तसंच केलं. चाळण घेऊन गेलतो. राखंजवळ बसलो आन् चाळण त्याच्या म्होरं धरली. म्हटलं, मालक, तुमीच चाळा. तुमचं काय असंल ते बघून घ्या."

"मग काय म्हणाला?"

फोनमध्ये त्याच्या मागे एसटीचा हॉर्न ऐकू येत होता.

"काय म्हणतोय? रुमाल काढला, नाकाला लावला आन् गेला उठून."