पापडी वाळवणारे ऊन

नेदरलँड्समध्ये साबुदाण्याची पापडी वर्षातल्या कोणत्या दिवसापासून उन्हात वाळू लागते, हा प्रश्न मी गेल्या हिवाळ्याच्या अखेरीस सोडवायला घेतला. कुतूहलापोटी घेतला असे लिहिले असते, तर ते अधिक शोभले असते. खरे कारण सूड हे होते.

मी पुण्याच्या एका शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर मुलाकडे, तिथल्या मोठ्या विमानतळाशेजारच्या हूफडॉर्पला, तीन महिन्यांसाठी गेले होते. रथसप्तमीला तिथे आकाश निरभ्र होते. या दिवसापासून ऊन तापू लागते हे मी लहानपणापासून मानत आले, आणि बाल्कनी दक्षिणेला होती. मी साबुदाणा शिजवला, जिरे-मीठ घातले आणि प्लास्टिकवर चाळीस पापड्या घातल्या. रथसप्तमी पुण्याची होती आणि बाल्कनी बावन्न अक्षांशांवरची, एवढा साधा विचार भूगोलाच्या शिक्षिकेने केला नाही.

चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या मराठी बाई डबा परत द्यायला आल्या. त्यांना त्या देशात वीस वर्षे झाली होती, आणि ही गोष्ट त्या कोणालाही विसरू देत नसत. पापड्यांवर हिरवट बुरशी आली होती.

“अहो बाई, याला ऊन नाही म्हणत, उजेड म्हणतात!” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही भूगोल शिकवायचात ना?”

एवढ्यावर मी सोडून दिले असते. पण शनिवारी मराठी मंडळींच्या जेवणात त्यांनी तो प्रसंग हातवाऱ्यांसह सांगितला. “मी म्हटलं, बाई, जूनपर्यंत थांबा. तोवर इथे फक्त हाडं वाळतात!” सगळे हसले. माझी सूनही हसली. तिने लगेच तोंडावर हात धरला, पण मी पाहिले होते.

त्या संध्याकाळी मी एक वही घेतली. परतीचे विमान एप्रिलच्या शेवटी होते. त्याआधी त्या बाईंना याच बाल्कनीत वाळलेली पापडी सर्वांसमक्ष खायला घालायची, असे मी ठरवले.

पद्धत सोपी होती. दर तीन दिवसांनी सहा पापड्या एका ताटात घालायच्या आणि सकाळ-संध्याकाळ ताट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचे. दुपारी एकच्या सुमारास, म्हणजे तिथे सूर्य सर्वांत उंच असताना, एक पट्टी उभी धरून तिची सावली मोजायची. सावली पट्टीच्या दुप्पट भरे. पुण्यात त्या दिवसांत ती पट्टीपेक्षा बरीच आखूड असते. मुलगा म्हणाला, “आई, रेडिएटरवर ठेव ना, दोन तासांत वाळतील.” मी नकार दिला. लबाडीने जिंकले असते, तर त्या बाईंचा पडलेला चेहरा मला नीट उपभोगता आला नसता. त्या चेहऱ्याचा विचार मी रोज सकाळी चहाबरोबर करत असे. बाहेर पावसाची भुरभुर असली, तरी त्याने बरे वाटे.

पहिली चार ताटे फुकट गेली. त्यांपैकी दोन चांगल्या लख्ख दिवसांची होती.

पाचव्या ताटाच्या दिवशी थंडी इतकी बोचरी होती की सावली मोजताना बोटे बधिर झाली. सून कामावरून परतली ती डोळे पुसतच. सायकलवर समोरून वारा लागला होता. पण संध्याकाळी पापड्यांच्या कडा प्लास्टिकपासून आपोआप सुटल्या. दुसऱ्या संध्याकाळी त्या कटकन मोडत होत्या. सावली अजून पट्टीच्या दुपटीच्या आसपासच होती, म्हणजे ऊन फारसे वाढले नव्हते. मग बदलले काय? मी खिडकीबाहेर पाहिले. विमाने वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उतरतात, आणि त्या दोन दिवसांत ती एरवीच्या उलट बाजूने उतरत होती. वारा पूर्वेचा होता. समुद्रावरून आलेला पश्चिमवारा दमट असतो. पूर्वेकडून जमिनीवरून आलेला कोरडा. सारे गाव ज्याला शिव्या देत होते, तोच पापडी वाळवत होता. तो टिकला तेवढ्या दिवसांत मी दोन डबे भरले.

पाडव्याच्या जेवणात मी पापड्या तळून नेल्या. त्या बाईंनी तीन खाल्ल्या.

“पुण्याहून मागवल्यात वाटतं?”

“नाही. तुमच्या डोक्यावरच्या बाल्कनीत वाळवल्या.”

आता हसू होण्याची पाळी त्यांची होती. सून सर्वांत मोठ्याने हसली. त्या बाईंनी विचारले, “कधी घातल्यात?”

“फेब्रुवारीच्या शेवटी. लख्ख ऊन होतं.”

यातला शब्दन् शब्द खरा होता. वाऱ्याबद्दल मी बोलले नाही. तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला मी जाणूनबुजून अर्धे उत्तर दिले नव्हते; त्यांना दिले.

एप्रिलच्या एका प्रसन्न दिवशी, मंद पश्चिमवाऱ्यात, त्यांनी दोन किलो साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. मी वरून पाहत होते. चौथ्या दिवशी मी खाली गेले. परत द्यायला डबा नव्हता, म्हणून माझ्या पापड्यांचा एक मुद्दाम भरून नेला. त्यांच्या पापड्यांवर हिरवट बुरशी होती.

“याला ऊन नाही म्हणत,” मी म्हटले, “उजेड म्हणतात.”

त्यांनी माझ्या डब्यातली एक पापडी कटकन मोडून पाहिली. मग हळू आवाजात म्हणाल्या, “मग तुमच्या कशा वाळल्या, बाई?”

मी डबा त्यांच्या हातात ठेवून वर आले. आठवड्याने पुण्याला परतले. त्या प्रश्नाचे उत्तर आज इथे प्रथमच पूर्ण लिहीत आहे, आणि त्यांच्याही वाचनात ते यावे अशी माझी इच्छा आहे. उशिरा दिल्याबद्दल मला खेद वाटत नाही.

तिथे राहणाऱ्या वाचकांनी माझ्या सांगण्यावर विसंबू नये. हिवाळा सरता सरता एक ताट पश्चिमवाऱ्याच्या दिवशी आणि एक पूर्ववाऱ्याच्या दिवशी बाहेर ठेवावे, सकाळ-संध्याकाळ वजन करावे, आणि हे खरे आहे का ते स्वतः तपासून पाहावे.