मातीच्या भिंतीवरचं सिमेंट

लोणीतल्या आमच्या घराची मागची भिंत पांढऱ्या मातीची, दीड हात जाड. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गावात जो तो मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करत होता. आम्हीही आतून-बाहेरून केला. दुसऱ्याच पावसाळ्यात गिलावा फुगला आणि भिंतीलगतच्या कणगीतला गहू तळाशी काळा पडला.

धाकटे दीर म्हणाले, "वैनी, ही कुजकी भिंत होळीनंतर पाडायची. मंचरवरनं ब्लॉक आणतो. पोरीला बघाया पावणं येतील, मातीचं घर बघून काय म्हनतील?"

"भिंत कुजली नाय, भाऊजी. आपणच तिला रेनकोट घालून निजवलीय."

"लोक हसतील, राव!"

"हसू द्या."

दसऱ्यानंतर मी स्वतः छिन्नी-हातोडी घेऊन अर्ध्या भिंतीचा गिलावा दोन्ही बाजूंनी उतरवला. आत माती ओलीगच्च होती. ती महिनाभर उघडी ठेवली, मग माती, भुसकट आणि शेणाने लिंपली. उरलेली अर्धी तशीच ठेवली.

मला याद्यांची सवय. वहीत रकाने पाडले: माती लिंपलेली, माती सिमेंटखालची, ओसरीचा काळा दगड, स्वयंपाकघराची वीट, नव्या खोलीचा ब्लॉक. प्रत्येक भिंतीच्या पायाशी मिठाची पुडी ठेवली आणि वर खोबरेल तेलाची छोटी बाटली टांगली. सिमेंटखालच्या मातीजवळचं मीठ पाझरलं. लिंपलेल्या मातीजवळचं कोरडं राहिलं, विटेजवळचं जरासं दमट झालं. पौषातल्या थंडीत ब्लॉक आणि दगडाजवळचं तेल पहाटे थिजलेलं असायचं. मातीजवळचं बोटावर ओघळायचं. मातीच्या विरोधातलंही लिहिलं: उंदीर पोखरतात, दरवर्षी लिंपावं लागतं. खोटी यादी करून मला काय मिळणार होतं?

होळी झाल्यावर दीर पहार घेऊन आले. मी वही पुढे केली. त्यांनी ती वाचली नाही. आधी एका अर्ध्यावर तळहात ठेवला, मग दुसऱ्यावर. सिमेंटच्या बाजूचा ओलसर हात सदऱ्याला पुसला.

"लई हट्टी हाय तुमी," म्हणाले आणि त्याच पहारीने उरलेला गिलावा पाडायला लागले.

माझ्या लेकीला बघायला पाहुणे वैशाखात आले. निदान भिंतीवर चादर तरी लावा, असं जाऊबाईंनी दोनदा सुचवलं. मी लावली नाही. पाहुण्यांना त्याच भिंतीला टेकून बसवलं.