आबांचा डांबरी रस्ता

आबा बोलायला लागले की कसबा बावड्यातली आमची अख्खी गल्ली ऐकायची, पण भाव ठरवायची वेळ आली की हाच माणूस मुका व्हायचा. आबा म्हणजे माझे चुलते, जनावरांच्या बाजारात मुरलेले म्हशीवाले. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. हातावर टॉवेल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा. बाजारात ठीक आहे हो! पण फ्रीज घ्यायला गेल्यावरही आबांनी सेल्समनच्या हातावर टॉवेल टाकला. तो घाबरून मालकाला बोलवायला पळाला. काकीनं कपाळावर हात मारून घेतला.

म्हशी एकेक करत कमी झाल्या आणि शेवटी गौरी तेवढी राहिली. काळीकुट्ट म्हैस, नाव गौरी! काकीनंच ठेवलेलं. संध्याकाळी आबा तिला शहरात दूध विकायच्या कट्ट्यावर न्यायचे आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळता पेला त्याच्या हातात द्यायचे. "घ्या पावणं, मिशीला फेस लागला न्हाय तर पैसं परत!" आज आबा नाहीत, पण कट्ट्यावरून जाताना अजून त्यांची हाक ऐकू येते आणि माझा पाय अडखळतो.

एक दिवस काकी अंगणात पडली आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, पण वाटेत हिसका बसता कामा नये. आमच्या फाटकापासून दारापर्यंतची वाट म्हणजे नुसते दगड आणि खड्डे. रिक्षावाले शिव्या घालत आत यायचे. मी म्हटलं, फाटकापासून चौघं मिळून उचलून आणू. आबा कडाडले, "माझी बायको मेली हाय व्हय, चौघांनी उचलून आणायला? डांबर टाकायचं!"

गडमुडशिंगीचा एक कंत्राटदार आला. वाट बघून म्हणाला, "काम थोडं हाय, पण रोलर आणायचा खर्च मोठ्या रस्त्याएवढाच. खडी, डांबर धरून सगळं मिळून..."

"थांब की मर्दा!" आबांनी त्याच्या हातावर टॉवेल टाकला. त्याचा बाप जनावरांचा दलाल होता, म्हणून गडी हसला आणि त्यानं बोटं पुढं केली. एक मान हलवतोय, दुसरा बोट ओढतोय, आणि आम्ही खुळ्यासारखे बघत उभे!

"किती ठरलं, आबा?" मी विचारलं. "मी देते थोडे."

"लेकीचं घेऊ व्हय? जमतंय माझं मला."

दोन दिवसांनी आबा कट्ट्यावरून एकटेच परतले. खांद्यावर नुसतं दावं. म्हैस विकली तरी दावं देत नाहीत.

रस्ता झाला. गाडी काकीला घेऊन फाटकातून दारापर्यंत आली, पोटातलं पाणी हललं नाही. आबा पुढं चालत होते, कडेचे खडे पायानं सारत.

कॉटवर टेकल्याबरोबर काकीनं गोठ्याकडं कान दिला. "गाडी आली तरी गौरी वरडली कशी न्हाय?"

आबांनी तिच्या पायांवर चादर ओढली. "तिच्यावरनंच आलीस की तू."

काकीनं त्यांच्या दंडावर एक जोराची चापट मारली. मग तोच दंड धरून ती हुंदके देऊन रडायला लागली.