शटरपलीकडची पिशवी

त्या काळात मला कोणी विचारलं असतं, तुझा देवावर विश्वास आहे का, तर मी विषय बदलला असता. बाबा वायुदलात, त्यामुळे दर थोड्या वर्षांनी नवं गाव आणि नवी इंग्रजी शाळा. शाळेत सकाळी इंग्रजीतून प्रार्थना म्हणायची, आणि संध्याकाळी आई अंबाबाईपुढे दिवा लावायची तेव्हा तिच्यामागे उभं राहून नुसते ओठ हलवायचे. दोन्हीकडे मी पाहुणीच. बाबांची बदली चंडीगडला झाली तेव्हा पंजाबातल्या बातम्या रोज सकाळच्या चहाबरोबर घरात येत होत्या. बसमधून उतरवून मारलेली माणसं, बाजारात फुटलेला ट्रान्झिस्टरमधला बॉम्ब. दिवा लावताना आई म्हणायची, "ती बघतेय सगळं." बघतेय तर मग थांबवत का नाही, असं मनात यायचं. विचारलं मात्र कधी नाही. मी फारसं काही कोणाला विचारतच नसे.

कॉलेज संपल्यावर मी घरात कोंडून बसू नये म्हणून आईने मला बीजींच्या दुकानात पाठवलं. बीजी म्हणजे आमच्या शेजारच्या वृद्ध सरदारीण. त्यांचे दिवंगत पती गोरखा पलटणीत अधिकारी होते. त्यांच्या हाताखालचे कितीतरी जवान नेपाळातल्या एकाच डोंगराळ भागातून आलेले. तिथल्या बायका पाण्यासाठी अर्धा डोंगर उतरतात हे बीजींनी एकदा जाऊन पाहिलं होतं. परत आल्यावर त्यांनी बाजारात एक बूथ, म्हणजे छोटासा गाळा, घेतला. लोकांनी दिलेले जुने कपडे, भांडी, इस्त्र्या, पंखे तिथे धुऊन, दुरुस्त करून स्वस्तात विकायचे आणि येईल ते त्या गावाला पाठवायचं. आधी पाण्याचे पाइप गेले, मग नळ, आणि आता बाळंतिणींसाठी एक खोली उभी राहत होती. शेजारचे मिठाईवाले शर्माजी म्हणायचे, "बीजी, इथे पंजाब पेटलाय आणि तुम्ही नेपाळात नळ बसवताय." बीजी धुतलेली स्वेटरं झटकत म्हणायच्या, "आग इथे लागली म्हणून तिथली तहान थांबते का रे?"

दुकानाची एक रीत होती. बाहेर व्हरांड्यात एक बाक होता. दान देणारे सकाळी गुपचूप त्यावर गाठोडं ठेवून निघून जात. कोणी नाव सांगत नसे, बीजी विचारतही नसत. पण बेवारस वस्तूला हात लावू नका, असं पोलिसांच्या गाड्या भोंग्यावरून सांगत फिरायला लागल्या, तेव्हा बीजींनी मन घट्ट करून बाक उचलून आत घेतला. यापुढे ज्याने त्याने आत यावं आणि आपलं गाठोडं आमच्यासमोर उघडावं. तशी पाटी मी हिंदीत लिहून शटरवर अगदी वरच्या बाजूला चिकटवली.

ती शनिवारची सकाळ होती. दुकान उघडायला अवकाश होता म्हणून शटर गुडघ्याइतकं वर ठेवून आम्ही दोघी आत कपडे निवडत होतो. बाहेर काहीतरी टेकल्याचा आवाज आला आणि पावलं घाईने दूर गेली. मी वाकून पाहिलं. शटरच्या फटीपाशी एक फुगलेली कापडी पिशवी होती. तिच्या तोंडातून एक काळी वायर बाहेर आली होती. आणि कान दिला तेव्हा कळलं, आत टिकटिक चालू होती.

शर्माजींनीही ती त्याच वेळी पाहिली असावी. "बीजी, हिलना मत," ते लांबून ओरडले, "मैं पुलिस को फोन करता हूँ."

"हिलूँ कैसे," बीजी आतून म्हणाल्या, "तेरी मठरी अभी तक पेट में पड़ी है."

मला हसू आलं नाही. बूथला मागचं दार नव्हतं. शटर उचललं तर त्याला टेकलेली पिशवी कलंडणार, आणि खालून सरपटत निघायचं तर तिला घासूनच. पोलीस आले, शिट्ट्या वाजल्या, बाजार रिकामा झाला. बॉम्ब निकामी करणारं पथक दुसरीकडे गेलं होतं. ते येईपर्यंत आत जितकं मागे जाता येईल तितकं जा, असं कोणीतरी सांगितलं. जितकं म्हणजे केवढं? आम्ही रजयांच्या ढिगामागे बसलो. तिथूनही फटीतून पिशवी दिसत होती. मला एकच वाटत होतं, उठावं, पिशवीला लाथ मारावी आणि पळत सुटावं. मी खरंच उठले. बीजींनी मनगट धरून मला खाली ओढलं. "पुत्तर, आपल्या हातात होतं ते झालं. आता हात रिकामे ठेव." त्या डोळे मिटून वाहेगुरू म्हणू लागल्या.

मला म्हणायला काही नव्हतं. शाळेतली प्रार्थना सुरू केली, ती दुसऱ्याच ओळीला अडली. मग ज्या नावावर मी इतकी वर्षं नुसते ओठ हलवले होते ते नाव आपसूक बाहेर आलं. अंबाबाई, ये. एवढंच. मी ते मोठ्याने म्हणत होते हे मला नंतर बीजींनी सांगितलं.

आणि पिशवीतून घंटा वाजली.

बाहेर बूट धावले, कोणीतरी "लेट जाओ" म्हणून ओरडलं. घंटा वाजतच राहिली. मी बीजींच्या कुशीत तोंड खुपसलं. मान वर केली तेव्हा फटीतून मला दोन पाय दिसले. निळ्या पट्ट्यांच्या रबरी चपला. सगळे जमिनीला चिकटले असताना ते पाय सरळ आमच्याकडे येत होते. मागून शिव्या येत होत्या, पण ते थांबले नाहीत. पिशवीपाशी येऊन ती बाई खाली बसली, आत हात घातला आणि घंटा बंद झाली.

"डरो मत जी," ती धापा टाकत म्हणाली. "माँ की दवाई की घड़ी है."

मग शटर वर गेलं. पोलिसांनी तिला झापलं, पिशवी रिकामी केली. इस्त्री, घड्याळ, साड्या, तळाशी घडी केलेली शाल. ती जवळच्याच पिंजौर गावची होती. तिची आई नुकतीच वारली होती. आई दरवर्षी बाहेरच्या बाकावर गुपचूप गाठोडं ठेवून जायची, म्हणून आईच्या वस्तू घेऊन लेकही तशीच आली आणि तशीच गेली. बदललेली रीत तिला ठाऊक नव्हती; बाक दिसला नाही म्हणून तिने पिशवी शटरला टेकवली. मी लिहिलेली पाटी थोड्या वर केलेल्या शटरबरोबर गुंडाळली गेली होती.

"मग परत कशी आलीस?" बीजींनी विचारलं.

परतीच्या बसमध्ये बसल्यावर तिला आठवलं होतं. तिने ती शाल उचलली आणि हळूच उलगडली. आत बोटभर उंचीची पितळी देवी होती, सिंहावर बसलेली. चेहरा पुसून पुसून गुळगुळीत झालेला. "ये तो घर पे रहनी थी," ती म्हणाली. "इसी के लिए बस से उतर गई."

बीजी मला म्हणाल्या, "देवीला धर जरा. या पोरीला पाणी आणते." देवी माझ्या तळहातावर आली. बाहेर सगळे एकदम बोलत होते, शर्माजी चहा चहा करत होते, आणि मी तिच्याकडे बघत उभी होते. ज्या पिशवीपासून मला वाचव म्हणून मी तिला दुरून बोलावत होते, त्याच पिशवीत ती सकाळपासून बसली होती. माझ्यापासून चार पावलांवर, शालीत.

याला कोणी योगायोग म्हणेल. माझं काही म्हणणं नाही. त्या संध्याकाळी आईने दिवा लावला तेव्हा मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि आवाज काढून अंबाबाईचं नाव घेतलं. आईने वळून पाहिलं नाही, फक्त थोडी सरकून जागा केली.

पंजाबातल्या बातम्या त्यानंतरही पुष्कळ वर्षं तशाच येत राहिल्या. भीतीही गेली नाही. पण ती दाटून येते तेव्हा मी आता उठून पळत नाही. हात रिकामे करून बसते, आणि जे समोर टिकटिकत असतं त्याच्याकडे बघत म्हणते, अंबाबाई, तू आत आहेस ना?