शिधापत्रिकेवरचं नाव

सोमवारी सकाळी सरकारी दंत रुग्णालयाच्या खिडकीवर एका सत्तरीच्या बाईंच्या मोफत उपचारांच्या योजना-कार्डाचं नूतनीकरण नाकारलं गेलं. याच कार्डावर त्यांचे उरलेले दात काढले होते. हिरड्यांच्या जखमा भरल्या होत्या, आता कवळीचं माप घ्यायचं होतं. रांगेत मी त्यांच्या मागे होतो.

"आजी, शिधापत्रिकेवर नाव असेल तरच कार्ड पुढे चालतं," कारकून म्हणाला. "तुमचं नाव मुलानं कमी करून घेतलंय. 'वेगळी राहते' असं कारण दिलंय."

"वेगळी? अरे, सकाळी त्याच्याच घरातली भाकरी दुधात कुस्करून खाल्ली की मी!" त्यांनी तोंडावर पदर धरला. "नीट बघ, बाळा."

कारकुनानं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. अर्जाखालची सही त्यांनी ओळखली.

शिधापत्रिका म्हणजे या घरात कोण कोण जेवतं याची सरकारी नोंद. कुणाला भरल्या ताटावरून उठवायचं तर निदान त्याच्यासमोर आवाज चढवावा लागतो. इथे एक सही पुरते.

माप रद्द झालं. मुलगा फाटकाबाहेर मोटारसायकलवर थांबला होता. बाई त्याच्यापर्यंत चालत गेल्या आणि मागे बसल्या.